मधुमेह आणि विसर: औषधांच्या संशोधनाची बातमी कशी वाचावी

घरातील मधुमेही वडीलधाऱ्या माणसाला विसर पडू लागला की स्मृतिभ्रंशावरच्या औषधाची प्रत्येक बातमी आशेने वाचली जाते. ती वाचताना चाचणीत कोणते रुग्ण होते हे आधी पाहावे. डोनेपेझिल आणि मेमँटिन ही औषधे प्रामुख्याने अल्झायमरसाठी मान्य झालेली आहेत, तर मधुमेहात मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब होऊनही विसर पडतो आणि पुष्कळदा दोन्ही कारणे एकत्र असतात. म्हणून एका गटाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लावू नये.

मग मोजले काय, ते पाहावे. अमेरिका व कॅनडातील ॲकॉर्ड-माइंड या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या सुमारे ३,००० रुग्णांपैकी काहींची साखर फार कडक, तर इतरांची नेहमीच्या मर्यादेत ठेवली होती. प्रत्येक आकड्याखाली त्याचे ठरलेले चिन्ह झरझर भरायचे, अशा विचारांचा वेग मोजणाऱ्या चाचणीत ४० महिन्यांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. मेंदूचे आकारमान मात्र कडक नियंत्रणाच्या गटात थोडे अधिक टिकले होते. बातमीत एवढा शेवटचा भागच आला तर वाचक फसतो. शिवाय हा अभ्यास ज्याचा भाग होता त्या मूळ ॲकॉर्ड अभ्यासात कडक नियंत्रणाच्या गटात मृत्यू अधिक झाल्याने ते नियंत्रण २००८ मध्ये थांबवावे लागले, आणि ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

रुग्णांच्या नुसत्या नोंदी चाळून काढलेला निष्कर्ष आणि प्लासिबोशी (औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीशी) तुलना केलेली चाचणी यांना एकाच तराजूत तोलू नये. सेमाग्लुटाइड हे मधुमेहावरचे औषध घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळतो असे नोंदी सांगत होत्या. तरीही सुरुवातीच्या अल्झायमरच्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांत हे औषध आजाराची वाटचाल मंदावू शकले नाही, असे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले.

डॉक्टरांकडे औषध मागण्यापूर्वी बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकते. साखर वारंवार फार खाली जाते का, हेही पाहावे. सकाळची गोळी घेतल्याचे न आठवून ती पुन्हा घेतली जाते, भाकरी ताटात अर्धी राहते आणि दुपारी घाम फुटून बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी आधी साखर मोजावी. डोनेपेझिलने भूक मंदावते व नाडीही संथ होऊ शकते, त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्याला ते सुरू झाल्यास जेवण, साखर आणि नाडी यांची रोजची नोंद वहीत ठेवून ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावी.