पेट्रोलच्या वाफेची गळती शोधताय? या चुका टाळा

गाडी इमिशन टेस्टमध्ये (प्रदूषण तपासणीत) नापास होते, बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी०४४२ किंवा पी०४५५ असा कोड येतो आणि तिथून धावपळ सुरू होते. कोणी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बदलतं, कोणी कोड पुसून पुन्हा टेस्टला जातं, कोणी थेट वाफ साठवणारा महागडा डबा, म्हणजे कॅनिस्टर, मागवतं. खरं तर या कोडचा अर्थ एवढाच असतो की वाफेची बंदिस्त वाट कुठेतरी बंद राहत नाहीये. कुठे, ते कोड सांगत नाही. तेवढं शोधणं आपल्यालाच करावं लागतं.

आधी ही वाट समजून घ्या. टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होत असते. ती हवेत जाऊ नये म्हणून कॅनिस्टरमधल्या कोळशात धरून ठेवतात. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळून टाकतं. त्याच वेळी व्हेंट व्हॉल्व्हमधून बाहेरची ताजी हवा कॅनिस्टरमध्ये येते. तपासणीच्या वेळी गाडीचा कॉम्प्युटर दोन्ही तोंडं बंद करून दाब टिकतो का ते पाहतो. पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे साधारण १ मिलिमीटरच्या भोकाएवढी आणि पी०४५६ म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. अर्ध्या मिलिमीटरचं भोक नुसत्या नजरेला सहज सापडत नाही, हे डोक्यात ठेवूनच कामाला लागा.

कोड पुसून लगेच टेस्टला जाणं

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली की कोडसोबत रेडीनेस मॉनिटरही, म्हणजे गाडीने स्वतःच्या कोणत्या तपासण्या पूर्ण केल्या याच्या नोंदीही, कोऱ्या होतात. टेस्ट करणाऱ्याला गाडी 'तयार नाही' अशी दिसते आणि हेलपाटा फुकट जातो. त्यात वाफेचा मॉनिटर सगळ्यात हट्टी. टाकीत साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मधे पेट्रोल हवं, गाडी काही तास उभी राहून इंजिन पूर्ण थंड झालेलं हवं, बाहेर फार थंडी किंवा फार ऊन नको. हे सगळं जुळलं तरच तो चालतो, त्यामुळे कधी कधी आठवडा जातो. काही गाड्या तर इंजिन बंद केल्यावर काही तासांनी ही तपासणी करतात. उभ्या गाडीच्या मागच्या बाजूने मध्यरात्री बारीक घरघर आली तर घाबरू नका, तपासणीचा छोटा पंप चालू असतो.

दुसरं नुकसान म्हणजे कोडसोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. कोड आला तेव्हा टाकीत पेट्रोल किती होतं, तापमान किती होतं, वेग किती होता, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. पुसण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

झाकण बदललं म्हणजे झालं असं समजणं

झाकण आधी बघावंच, त्यात चूक काही नाही. चूक होते ती अर्धवट बघण्यात. रबराच्या वायसरवर बोट फिरवा, चीर लागते का बघा. मग टाकीच्या तोंडाची कडा कापडाने पुसून बघा, कारण वायसर जिथे टेकतो तिथे गंज असेल तर कितीही नवीन झाकण लावा, ते बसणार नाही. झाकण आपल्याच मॉडेलचं घ्या. दिसायला सारखं, पण आतला दाबाचा व्हॉल्व्ह वेगळा, अशी झाकणं असतात. आणि झाकण नीट लावल्यावर डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा त्याच दिवशी गेला नाही म्हणून निराश होऊ नका. कॉम्प्युटरला तीच तपासणी दोन-तीनदा पास झालेली बघायची असते.

पर्ज व्हॉल्व्हकडे दुर्लक्ष

गळती म्हटलं की सगळे टाकीखाली वाकतात. पण इंजिनाजवळचा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तरीही दाब टिकत नाही. याची एक ओळखीची खूण आहे: पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला वेळ लागतो, सुरू झाली तरी आयडलिंगला थरथरते. तपासायला यंत्र लागत नाही. थंड इंजिन सुरू करा, व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढा आणि त्या तोंडावर बोट ठेवा. मग व्हॉल्व्हचा वायरचा प्लग काढा. प्लग काढलेला असताना व्हॉल्व्ह बंदच असायला हवा. तरीही बोट आत ओढलं जात असेल तर तो गेलाय.

एका मित्राच्या गाडीत हा व्हॉल्व्ह वर्षभरात दोनदा बदलला होता. तिसऱ्यांदा काढला तेव्हा मी तो पांढऱ्या कागदावर उलटा धरून टिचकी मारली. मिरीच्या चुऱ्यासारखे काळे दाणे कागदावर पडले. तो कॅनिस्टरमधला कोळसा होता. कॅनिस्टर आतून फुटला होता आणि प्रत्येक नवीन व्हॉल्व्हच्या तोंडात कोळसा अडकत होता. कॅनिस्टर बदलून नळ्या आतून साफ करेपर्यंत तो त्रास थांबणार नव्हता. व्हॉल्व्ह बदलण्याआधी ही टिचकी मारून बघा, एवढं कळकळीने सांगतो.

नोझल बंद झाल्यावरही पेट्रोल कोंबणं

नोझल आपोआप थांबलं की भरणं थांबवायचं. वरून 'अजून थोडं' केलं की पातळ पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं. तो डबा वाफेसाठी आहे. भिजलेला कोळसा वाफ धरत नाही.

कम्प्रेसरची हवा सोडणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती धोक्याची आहे. वाफेची यंत्रणा १ पीएसआयपेक्षाही कमी दाबावर तपासतात. टायरमध्ये ३० पीएसआयच्या वर हवा असते आणि गॅरेजच्या कम्प्रेसरमध्ये त्याच्या तिप्पट. तो दाब टाकीत सोडला तर सांधे उघडतात, सेन्सर मरतात, प्लास्टिकची टाकी फुगते आणि एका गळतीच्या चार होतात. शिवाय वाफेत हवा मिसळली की पेटणारं मिश्रण तयार होतं. म्हणून चांगले मेकॅनिक स्मोक मशीनला (गळती दिसावी म्हणून यंत्रणेत धूर सोडणाऱ्या यंत्राला) नायट्रोजन जोडतात.

स्मोक मशीन लावल्यावरही एक गोष्ट हमखास विसरली जाते. व्हेंट व्हॉल्व्ह एरवी उघडाच असतो. स्कॅनरवरून तो बंद करून घेतला नाही तर सगळा धूर तिथूनच बाहेर पडतो आणि बिचारा चांगला व्हॉल्व्ह बदलला जातो.

धूर सोडल्यावर घाई करू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून धूर यायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. गॅरेजचे पंखे बंद करा आणि टॉर्च तिरका धरा. मी असाच एकदा मागच्या सीटखालचं झाकण उघडून बसलो होतो. बराच वेळ काहीच नाही. मग फ्युएल पंपाच्या गोल कडेवरून उदबत्तीसारखी एक बारीक रेघ वर आली, हललीसुद्धा नाही. काही महिन्यांपूर्वी पंप बदलताना कोणीतरी जुनीच ओ-रिंग (गोल रबरी कडी) परत बसवली होती आणि ती एका जागी चिमटली होती. टाकीखाली झोपून ही गळती कधीच सापडली नसती. म्हणून नापास गाडी आली की माझा पहिला प्रश्न असतो: अलीकडे पंप, टाकी किंवा मागची काही कामं झाली होती का?

व्हेंटची नळी न बघणं

पेट्रोल भरताना नोझल पुन्हा पुन्हा बंद होत असेल किंवा झाकण उघडताना जोरात हवा आत ओढली जात असेल, तर व्हेंटची वाट तुंबली असण्याची शक्यता मोठी आहे. धूळ, चिखल, किड्यांची घरटी. २०११ मध्ये माझदाने अमेरिकेतल्या माझदा ६ गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण एका जातीचा कोळी नेमका या नळीत जाळं विणत होता.

एक इशारा. गाडीजवळ पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा खाली ओल दिसत असेल तर शोधाशोध थांबवा. ती पातळ पेट्रोलची गळती असू शकते. गाडी सुरू करू नका, उघडा बल्ब किंवा काडी जवळ नेऊ नका, गाडी टो करून न्या.

गळती सापडली, दुरुस्त झाली, की मगच कोड पुसा. टाकी अर्धी ठेवा, रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी थंड इंजिनावर काढा आणि काही दिवस रोजच्यासारखी चालवा. नंतर स्कॅनर लावा. वाफेच्या मॉनिटरसमोर 'पूर्ण' दिसत असेल आणि पेंडिंग कोडचा (अजून पक्क्या न झालेल्या बिघाडाचा) रकाना रिकामा असेल, तरच टेस्टची वेळ घ्या.