मूकपटाची डीव्हीडी घेताना नुसती मिनिटं मोजू नका
मंगळवार बाजारात जुन्या डीव्हीडींच्या ढिगात एकाच मूकपटाच्या दोन आवृत्त्या हाती लागल्या तर जास्त मिनिटांची लगेच उचलू नका, तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला 16 फ्रेमनं (म्हणजे 16 चित्रांनी) काढलेलं 24 नं चालवलं की माणसं तुरुतुरु पळतात आणि दीड तासाचा पिक्चर तासात उरकतो, एकही सीन न कापता. म्हणून कुणीतरी चालतंय असा सीन दोन्हीत लावून बघा, कडेला डोकी कापली गेलीत का तेही. रात्रीचा सीन निळा दिसला तर प्रिंट खराब नाही ओ, फिल्म रंगवायचेच तेव्हा. मेट्रोपोलिस (फ्रिट्झ लँगचा जर्मन मूकपट) मात्र 2010 ची रिस्टोअर केलेलीच घ्या, 2008 ला ब्युनॉस आयर्समध्ये सापडलेलं फुटेज त्यात आहे. संगीत नाही आवडलं तर म्यूट करा की!