लहान मुलाशी गप्पा कशा माराव्यात

पहिल्या काही वर्षांत मुलाच्या मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या जोडण्या होतात. वापरात राहतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळतात. त्या वापरात ठेवायला महागडी फ्लॅशकार्ड्स लागत नाहीत. घरातल्या माणसांशी रोजची बोलाचाली पुरते.

आधी मुलाची नजर कुठे आहे ते बघा. मंडईत तुमचं लक्ष मेथीच्या जुडीवर असतं, कडेवरच्या पोरीचं तराजूवर. मग तिला मेथी दाखवू नका, तराजूबद्दलच बोला: “बघ, वर गेला! आता खाली आला.”

मग गप्प बसा. हीच पायरी सगळ्यात अवघड. आपण प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. तेवढ्या वेळात ती हात उडवेल, “वल!” म्हणेल, नाहीतर नुसतीच तुमच्या तोंडाकडे बघेल. हे तिचं उत्तर आहे. बोलता न येणारं तान्हं बाळसुद्धा हुंकाराने उत्तर देतं, त्यालाही हीच संधी द्या.

तिच्या शब्दात एक-दोन शब्दांची भर घाला. “हो, वर गेला. वांगी जड झाली!” उच्चार सुधारत बसू नका, तुमच्या तोंडून बरोबर शब्द ऐकला की पुरे.

हे सगळं मराठीतच करा, किंवा घरात जी भाषा सहज येते तिच्यात. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे म्हणून आजी-आजोबांनी “अ‍ॅपल खा, वॉटर पी” म्हणायची काहीच गरज नाही. दोन भाषांनी मुलांचा गोंधळ होत नाही. उलट आजी जितकं भरभरून मराठीत बोलेल, तितकं इंग्रजीत तिला जमणार नाही.

जेवताना मोबाइल नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन शक्यतो देऊच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. झोप मात्र भरपूर हवी: एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारची धरून 11 ते 14 तास.

मूल हाकेला वळत नसेल किंवा दोन वर्षांचं होऊनही “आई ये” असे दोन शब्द जोडत नसेल, तर “मुलगे उशिराच बोलतात” या समजुतीवर विसंबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी आधी करून घ्या.