अनोळखी डोंगरात उशिराच्या हंगामातली एल्कची शिकार : आखणी कशी करावी

सप्टेंबरात माजावर आलेला एल्क (उत्तर अमेरिकेतलं थोराड हरीण) नर ओरडून आपला ठावठिकाणा स्वतःच सांगतो. नोव्हेंबरात डोंगर मुका असतो. मग शोध तीन गोष्टींवर येतो : बर्फ किती पडलाय, गवत कुठे उघडं आहे आणि माणसांची वर्दळ कुठे नाही. तिन्हींचा अंदाज घरी बसून, नकाशावर बांधता येतो. इथे कोलोरॅडो धरून चाललो आहोत; अमेरिकेत सर्वाधिक एल्क याच राज्यात आहेत.

परवाना आधी, बंदूक नंतर

परवान्यांच्या मुख्य सोडतीचे (लॉटरीचे) अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. नोव्हेंबरातला चौथा रायफल हंगाम सोडतीवरच चालतो; उरलेसुरले परवाने ऑगस्टमध्ये विक्रीला येतात. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकार-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. तिकडे एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : त्यांना बंदूक बाळगायला अमेरिकी कायद्याने मनाई आहे, आणि राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्याला अपवाद आहे. म्हणून क्रम उलटा करू नये.

पहिल्या खेपेला मादीचाच परवाना घ्यावा. माद्या मोठ्या कळपाने, तुलनेने खालच्या उतारांवर असतात आणि दुरून दिसतात. माजाने खंगलेले नर दोघे-तिघे मिळून अवघड घळींत दडतात. तिथून मांस काढणं नवख्याचं काम नाही.

नकाशावर तीन जागा

समजा, वायव्य कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स या पठाराचा भाग मिळाला. व्हाइट रिव्हरचा प्रचंड कळप उन्हाळा इथे काढतो आणि बर्फ वाढला की पश्चिमेला खाली सरकतो. साधारण गुडघाभर बर्फात खुराने गवत उकरणं जनावराला परवडत नाही. वर कडक पापुद्रा धरला, तर ते त्याआधीच उतरतं. त्यामुळे एकच जागा ठरवून जाणं ही सर्वात मोठी चूक. १०,००० फूट, ९,००० फूट आणि ७,५०० फूट अशा तीन उंचींवर एकेक जागा हेरून ठेवावी, आणि कुठली घ्यायची ते त्या आठवड्यातल्या बर्फावर ठरवावं.

जागा कशी ओळखायची? दक्षिणेकडे तोंड असलेला उतार किंवा वाऱ्याने बर्फ झाडून नेलेली धार, तिथे चरणं. जवळच उत्तरेच्या अंगाला दाट झाडी, तिथे बसणं. हे दोन्ही किलोमीटरभराच्या आत असतील तर खूण करावी. मग सुरू असलेल्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंचा दीडेक किलोमीटरचा पट्टा खोडून टाकावा.

आता जिथे बहुतेकांचा बेत फसतो ती गोष्ट : खालची हिवाळी कुरणं बरीचशी खासगी असतात. कळप समोर दिसतो आणि तो कुणाच्या तरी रँचवर असतो. कोलोरॅडोत कुंपण किंवा पाटी नसली तरी मालकाच्या परवानगीशिवाय तिथे शिकार करता येत नाही. म्हणून कळपाची उतरण्याची वाट सरकारी जमिनीतून कुठवर जाते, ते सोंडेसोंडेने तपासावं.

ऑगस्ट-सप्टेंबरात त्या भागाच्या वन्यजीव अधिकाऱ्याला आणि वनखात्याच्या कार्यालयाला फोन करावा. नेमकं विचारावं : कुठल्या रस्त्याचं फाटक कधी बंद होतं? किती बर्फ पडला की कळप वरून निघतो? जुन्या माहितीवर विसंबू नये. २०२२-२३च्या कडक हिवाळ्यात वायव्य कोलोरॅडोत इतकी जनावरं दगावली की परवाने मोठ्या प्रमाणावर कापावे लागले.

किती लांब जायचं, ते मांस ठरवतं

मादीचं हाडं काढलेलं मांस ६०-७० किलो, नराचं ९०-१००. पाठीवर एका वेळी २५-३० किलो. म्हणजे मादीच्या तीन खेपा, नराच्या चार, त्याही बर्फातून. एकट्याने गाडीपासून तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. गाडी खाली आणि सावज वर, अशीच जागा निवडावी. ओझं घेऊन दरी चढायची वेळ आली की उजेडाचं सगळं गणित कोसळतं. संरक्षित वाइल्डरनेस क्षेत्रात हातगाडीची चाकंही चालत नाहीत.

सामान

चारही चाकांच्या साखळ्या, फावडं, भरलेली टाकी. सकाळी गोठलेला कच्चा रस्ता दुपारी चिखल होतो, हे परतीच्या वेळेत धरावं. अंगावर लोकर, सुती काहीच नको. चढताना थर काढावेत, कारण घाम नंतर गोठवतो. फोन आतल्या खिशात (थंडीत बॅटरी मरते) आणि सोबत उपग्रह संदेशयंत्र. बाहेरून दिसणारा किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी कायद्याने सक्तीची आहे.

रायफल रात्री उबदार तंबूत आणू नये. तिच्यावर दव धरतं आणि पहाटे गोठतं. बोल्टवरचं जाड तेल पुसून टाकावं. दोन दिवस आधी पोहोचून उंचीची सवय करावी. डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाली तर खाली उतरावं. ३० ते ४५ अंशांच्या बर्फाळ उताराखालून वाट काढू नये, हिमकडा तिथेच सुटतो.

प्रत्यक्ष दिवस

उजाडण्याआधी समोरच्या धारेवर १०×४२ दुर्बीण घेऊन बसावं. ऊन पडेपर्यंत गार हवा उताराने खाली वाहते, तेव्हा सावजाच्या खालून जावं. उतार तापला की हवा वर चढते, मग वरून. जनावर आडवं उभं असेल तरच, पुढच्या पायाच्या लगेच मागे, शरीराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात गोळी घालावी. नंतर अर्धा तास जागचं हलू नये. लगेच माग धरला तर जखमी जनावर मैलोन् मैल पळतं.

बाहेर उणे दहा असलं तरी कातडं ताबडतोब सोलावं. ते इतकं जाड असतं की मांडीच्या हाडाजवळचं मांस आतल्या उष्णतेने नासतं. परवान्याची चिठ्ठी लगेच बांधावी, लिंग ओळखता येईल असा भाग मांसाला मुळातूनच जोडलेला ठेवावा. चारही पाय आणि कण्यालगतच्या पट्ट्या सुती जाळीच्या पिशव्यांत, सावलीत टांगाव्यात.

कणा तिथेच सोडावा, मेंदू घरी नेऊ नये. क्रॉनिक वेस्टिंग डिसीजमुळे (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा संसर्गजन्य रोग) अनेक राज्यांत ते नेण्यास बंदी आहे. डोकं मात्र तपासणीला द्यावं. अहवाल येईपर्यंत त्या जनावराचं मांस वेगळं, चिठ्ठी लावून गोठवावं. रोग आढळला तर ते खाऊ नये.