'शॉर्ट १८४' सागरी विमानाची १:७२ प्रमाणातील प्रतिकृती कशी बांधावी

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश नौदलाचे 'शॉर्ट १८४' हे दिसायला अगडबंब, तारांनी जखडलेले आणि पाण्यावर बसणारे दुपंखी विमान. त्याचा आराखडा होरेस शॉर्ट यांचा आणि नाव पहिल्या नमुन्याला मिळालेल्या १८४ या क्रमांकावरून पडलेले. निरनिराळ्या कारखान्यांत मिळून अशी नऊशेहून अधिक विमाने बांधली गेली, आणि प्रतिकृती करणाऱ्याची पहिली अडचण नेमकी येथेच सुरू होते, कारण कारखान्यागणिक आणि वर्षागणिक रेडिएटर, धुराच्या नळ्या, नाकावरचा फिरता पंखा अशा बाबींत फरक पडत गेला. म्हणून 'शॉर्ट १८४' बांधायचे असे न ठरवता, एका विशिष्ट क्रमांकाचे विमान एका विशिष्ट दिवशी कसे दिसत होते ते बांधायचे, असे आधी ठरवावे.

निवडीसाठी दोन विमाने ठळकपणे समोर येतात. १२ ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या मोहिमेत 'बेन-माय-क्री' या जहाजाबरोबर आलेल्या चार्ल्स एडमंड्स यांनी याच जातीच्या विमानातून एका तुर्की जहाजावर टॉर्पेडो सोडला. हवेतून टॉर्पेडो टाकून जहाजावर केलेला हा पहिला हल्ला. दुसरे विमान ८३५९ क्रमांकाचे. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत फ्रेडरिक रटलंड यांनी 'एंगाडीन' जहाजावरून आणलेल्या या विमानातून जर्मन जहाजांची टेहळणी केली, आणि त्याचा उरलेला भाग आज योव्हिल्टनच्या फ्लीट एअर आर्म संग्रहालयात आहे. एडमंड्स यांनी टॉर्पेडोचे वजन पेलावे म्हणून निरीक्षकाला सोबत घेतले नव्हते, तर टेहळणीच्या विमानात निरीक्षक व बिनतारी संच असे, पण टॉर्पेडो नसे. दोन्हींची सरमिसळ ही या विषयातील सर्वांत नेहमीची चूक आहे. मी पुढील सर्व वर्णन टेहळणीचे विमान डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. टॉर्पेडो लावायचाच असेल, तर १४ इंची टॉर्पेडोचा व्यास या प्रमाणात ५ मिमीपेक्षा किंचित कमी भरतो, हे ध्यानात असू द्यावे.

हातात किट असो वा आराखड्यावरून सारे भाग स्वतः कापायचे असोत, पहिले हत्यार मोजपट्टी. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार १९.३६ मीटर आणि लांबी १२.३८ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत अनुक्रमे २६.९ आणि १७.२ सेंमी. आराखड्याची झेरॉक्स बरोबर या मापात काढून टेबलावर चिकटवावी आणि प्रत्येक भाग तिच्यावर ठेवून पाहावा. पंखांच्या पृष्ठभागाकडे विशेष लक्ष द्यावे. अनेक किटमध्ये दोन फासळ्यांमधले कापड झोळीसारखे लोंबलेले दाखवतात. प्रत्यक्षात डोप (कापड ताणून घट्ट करणारे रोगण) दिलेले लिनन तबल्याच्या पुडीसारखे ताणलेले असे. तेव्हा फासळ्यांचे उंचवटे बारीक पॉलिश पेपर ओला करून इतके घासावेत, की ते बोटाला जाणवावेत पण तिरप्या उजेडाशिवाय दिसू नयेत.

विमानाचा सांगाडा, म्हणजे मधले लांबट धड, बंद करण्यापूर्वी बैठकीच्या जागा पूर्ण कराव्यात. आतून दिसणारे लाकडी खांब आणि त्यांना कर्णाकृती ताणलेल्या तारा पुरेशा आहेत. १:७२ मध्ये घड्याळाच्या तबकड्यांवर आठवडा घालवणे मला तरी व्यर्थ वाटते. एका वस्तूवर मात्र वेळ खर्च करावा. टेहळणीच्या उड्डाणांवर निरोपासाठी कबुतरांची वेताची टोपली नेली जात असे. साधारण ४ मिमी लांबीचा प्लॅस्टिकचा ठोकळा घ्यावा, त्याच्या कडांना टाचणीने बारीक खाचा पाडाव्यात, विजेच्या जुन्या वायरीतून सुटी केलेली केसाएवढी तांब्याची तार त्या खाचांतून एकदा वरून, एकदा खालून अशी गुंफावी आणि मग पिवळसर तपकिरी रंगाचा पातळ हात द्यावा. झाकणाला दोऱ्याची एक गाठ पुरे.

आता फ्लोट. पाण्यावर विमानाला पेलणाऱ्या या लांबट, सपाट बाजूंच्या पेट्या नीट बसल्या तरच पुढचे सारे काम सरळ जाते, म्हणून या टप्प्यावर कितीही वेळ गेला तरी हरकत नाही. मी माझी पहिली प्रतिकृती नुसत्या नजरेने जुळवली. डावा फ्लोट जेमतेम दीड मिमी खाली गेला, आणि ती चूक वरचा पंख बसवून तारा ओढून झाल्यावर कळली, कारण विमान एका पंखावर झुकलेल्या पक्ष्यासारखे उभे राहिले. ते सुधारताना खांबांच्या खोबणी उखडल्या आणि अर्ध्या तारा तुटल्या.

ही वेळ येऊ नये म्हणून दोन्ही मुख्य फ्लोट आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे यांचा वेगळा संच आधी तयार करावा. हे दांडे टॉर्पेडोला जागा मिळावी म्हणून मध्यभागी कमानीसारखे वर उचललेले असतात, ते सरळ करू नयेत. एका जाड काचेवर मध्यरेषा आणि तिला समांतर फ्लोटच्या दोन रेषा आखाव्यात, फ्लोट त्या रेषांवर मेणाच्या गोळ्यांनी टेकवावेत आणि दोन्हींच्या बाजू गुण्या लावून काचेशी काटकोनात आहेत ना ते पाहूनच सांधे चिकटवावेत. फ्लोटपासून सांगाड्याकडे जाणारे खांब किटमधील प्लॅस्टिकचे असतील, तर ते काढून पितळी तारेचे करावेत, कारण प्लॅस्टिक वजनाने हळूहळू वाकते. सांगाडा आणि खालचा पंख या संचावर बसवताना शेपटीचा फ्लोटही तात्पुरता लावून पाहावा. दोन मुख्य आणि एक शेपटीचा असे तिन्ही काचेला टेकले पाहिजेत, आणि खालच्या पंखाच्या दोन्ही टोकांची काचेपासूनची उंची सारखी भरली पाहिजे. पंखांच्या टोकांखालचे छोटे फ्लोट मात्र अधांतरीच राहतात आणि ते सर्वांत शेवटी लावायचे असतात, नाहीतर हात लागून हमखास तुटतात.

रंगकाम वरचा पंख जोडण्यापूर्वी उरकावे. लिननचा रंग पांढरा नव्हे, तर सायीसारखा पिवळट असतो. आधी फिकट तपकिरी फवारा मारून फासळ्यांवर अर्ध्या मिमीच्या मास्किंग टेपच्या पट्ट्या लावाव्यात, त्यांच्या कडांना गडद सावली द्यावी, पट्ट्या काढून वरून मूळ रंगाचे दोन-तीन अगदी पातळ थर द्यावेत. कापडातून सांगाडा झिरपल्यासारखा दिसू लागतो. लाकडी खांबांवर फिकट बदामी रंग सुकल्यावर तपकिरी तैलरंग लांबीच्या दिशेने कोरड्या ब्रशने ओढावा. डाग देताना एक भान हवे: या विमानाचे सनबीम इंजिन पाण्याने थंड होणारे होते. ज्यांचे इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरे, त्या विमानांवर वंगणाच्या एरंडेलाचे फटकारे उडत; ते येथे शोभत नाहीत. इंजिनाभोवती थोडे तेल, धुराच्या नळ्यांमागे काजळी आणि फ्लोटवर सुकलेल्या मिठाची पुसट रेषा, एवढेच ठेवावे.

तारांसाठी ०.०८ मिमी जाडीचा नायलॉनचा धागा योग्य. त्याहून जाड धागा या प्रमाणात दोरखंड वाटतो. वरच्या पंखाच्या खालच्या बाजूला ०.३ मिमीची भोके अर्ध्या खोलीपर्यंत पाडून धागे आधीच चिकटवून घ्यावेत, खालच्या पंखात ती आरपार पाडावीत. वरचा पंख उलटा ठेवून त्यात खांब उभे करावेत आणि विमान उलट्या अवस्थेतच त्यांच्यावर उतरवावे. फ्लोट आभाळाकडे असल्याने ते आड येत नाहीत. सांधे रात्रभर सुकल्यावर विमान सुलटे करून धागे भोकांतून ओवावेत आणि प्रत्येकाच्या टोकाला छोटा चिमटा लटकवून ताण द्यावा. उजवीकडची एक तार ओढली, की लगेच डावीकडची तीच तार ओढावी, कारण एकीकडच्याच तारा आधी घट्ट केल्या तर पंखाला पीळ बसतो आणि तो पुढे निघत नाही. भोकात सुपरग्लूचा सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब सोडावा, जास्त झाला तर त्याच्या वाफेने आजूबाजूच्या रंगावर पांढुरके पटल चढते. टोके धारदार पात्याने पंखालगत कापून रंगाचा ठिपका द्यावा. एखादी तार ढिली राहिलीच, तर तापलेले सोल्डरिंग आयर्न न टेकवता तिच्या जवळून हलकेच फिरवावे, म्हणजे नायलॉन आकसून ताठ होतो.

शेवटी पंखा, वाऱ्याची काच आणि पंखांच्या टोकांचे फ्लोट बसवून विमान लाकडी घोडीवर ठेवावे. घोडीचे टेकू आडव्या दांड्यांच्या बरोबर खाली यावेत, म्हणजे फ्लोटच्या मधल्या भागावर भार पडत नाही.