ठोकळ्यांची छोटी लाईन: ट्रेन आधी बनवा, मोटर शेवटी लावा

लेगोची ट्रेन बनवायची म्हटलं की जो तो आधी मोटर शोधायला लागतो. माझं मत एकदम उलट आहे, मोटर सगळ्यात शेवटी. गाडी आधी हाताने ढकलून वळणावरून सुरळीत गेली पाहिजे, आणि ती जात नसेल तर मोटर तरी काय करणार, जागच्या जागी चाकं फिरवत बसणार.

आता मॉडेल कशाचं करायचं हा प्रश्न ग्वाल्हेरच्या माणसाला पडायला नको खरं तर. जयविलास राजवाड्यातली चांदीची ट्रेन आहेच, जेवणाच्या टेबलावरून पाहुण्यांसमोर मद्य नि सिगार फिरवणारी, बाटली उचलली की थांबणारी. पण माझी पसंती आपल्या छोट्या लाईनला, ग्वाल्हेर ते श्योपुर, २ फुटी गेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), जवळजवळ २०० किमी, २०२० मध्ये बंद झाली ती. भावना वगैरे आहेच पण कारण अगदी व्यवहाराचं आहे, त्या गाडीचे डबे आखूड होते आणि लेगोच्या वळणांना आखूड डबेच मानवतात.

रूळ आधी मांडा. नेहमीचे प्लास्टिकचे रूळ घ्या, एक सरळ तुकडा १६ स्टड (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा, लेगोत मापं त्यातच मोजतात) म्हणजे १२.८ सेमी, आणि वळणाचे १६ तुकडे जोडले की पूर्ण गोल होतो, बाहेरून बाहेर साधारण ७० सेमीचा. दोन्ही बाजूंना ४-४ सरळ तुकडे घातले तर लांबी सव्वा मीटरच्या आसपास जाते, म्हणजे एका प्लायच्या तुकड्यावर मावतं. सतरंजीवर किंवा गालिच्यावर मांडू नका, धागे आणि केस चाकांच्या आसात गुंडाळले जातात आणि मग गाडी का अडते ते कळतच नाही. डावं वळण संपलं की लगेच उजवं जोडायचं नाही, मध्ये एक तरी सरळ तुकडा टाका, नाहीतर डबे एकमेकांना उलट दिशेला ओढतात आणि घसरतात.

डबा. मापाच्या फार मागे लागू नका. लेगोच्या रुळांमधलं अंतर साधारण ३८ मिमी, ते २ फूट धरलं तर स्केल १:१६ येतं आणि मग डबा १२-१३ सेमी रुंद करावा लागेल, तो वळणावर कुठे मावणार? म्हणून सरळ ६ स्टड रुंदी आणि २२ ते २४ स्टड लांबी धरा. खाली लांब प्लेट (चपटा ठोकळा) किंवा ट्रेन बेस, दोन्ही टोकांना चाकांची एकेक ट्रॉली, आणि ट्रॉली तिच्या मधोमध एकाच ठिकाणी डब्याला अडकवायची म्हणजे ती मोकळी फिरते. डबे एकमेकांना जोडणारं चुंबकाचं कपलिंग डब्याच्या अंगाला नाही, ट्रॉलीलाच लावा, वळणावर सगळा फरक इथेच पडतो.

लांबीचा हिशोब एकदा समजून घ्या, पुढे फार कामाला येतो. वळणाची त्रिज्या ४० स्टड आहे. दोन ट्रॉल्यांच्या मध्यात १६ स्टड अंतर असेल तर डब्याचा मधला भाग वळणावर साधारण ६ मिमी आत सरकतो, ते अंतर ३२ केलं तर हेच २५ मिमीच्या वर जातं. अंतर दुप्पट, सरकणं चौपट! एलएचबीचा, म्हणजे आजच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा, खरा डबा साडेतेवीस मीटरचा असतो, तो ८ स्टड रुंदीच्या मापात बनवला तर जवळजवळ ५८ स्टड होईल आणि आतल्या बाजूचा प्लॅटफॉर्म, सिग्नल, जे असेल ते सगळं झोडपत जाईल.

छपरावर माणसं बसवायचा मोह होणारच, छोट्या लाईनचे फोटो बघितलेत ना. बसवा, पण छप्पर हलकं ठेवा आणि डब्याच्या तळाशी एक-दोन थर जास्तीच्या प्लेट्स लावा, वजन वर गेलं की डबा वेगात वळणावर कलंडतो.

हाताची टेस्ट. प्रत्येक डबा एका बोटाने ढकला. थोडा जाऊन थांबत असेल तर चाकं उलटी करून बघा, धूळ आहे का, ट्रॉली वरच्या प्लेटला घासते का. उन्हाळ्यात लू चालते तेव्हा आपल्याकडे घरात किती धूळ येते ते सांगायला नको, त्यामुळे हे अधूनमधून करावंच लागतं. सगळे डबे जोडून हातानेच दोन फेऱ्या मारा.

आता मोटर. पॉवर्ड अप, म्हणजे लेगोची मोटर-रिमोटची प्रणाली, तिची ट्रेन मोटर म्हणजे नंबर ८८०११, हब (सेल बसतात तो डबा, मोटर यालाच जोडायची) ८८००९, रिमोट ८८०१०. मोटर हीच एक ट्रॉली असते, इंजिनाच्या एका टोकाला खाली बसवायची, वायर वळायला थोडी ढिली सोडायची, ताणली की ट्रॉली अडकलीच म्हणून समजा. हब ८ स्टड लांब, ४ रुंद आणि बराच उंच, म्हणून इंजिनाचं डिझाइन हबभोवती करा, आधी सुंदर इंजिन बनवून मग हब कुठे कोंबायचा हे शोधू नका. वरचं झाकण पटकन निघेल असं ठेवा, कारण हबला ६ आणि रिमोटला ४ ट्रिपल ए सेल लागतात. रिचार्जेबल सेल चालतात, सहांचे मिळून ९ ऐवजी ७.२ व्होल्ट भरतात त्यामुळे वेग जरा कमी, पण खर्चाच्या मानाने तेच परवडतं.

हब शक्यतो मोटरच्या वर आणा. इंजिन ओढतं ते चाकांवरच्या वजनाच्या जोरावर, हलकं इंजिन असेल तर रबराच्या रिंगा असूनही चाकं नुसती घसरतात. चढ हवा असेल तर प्रत्येक सरळ तुकड्याला एका प्लेटची उंची वाढवा, म्हणजे अडीच टक्के होतात, अख्ख्या ब्रिकची, म्हणजे तीन प्लेट्सची, वाढवलीत तर साडेसात, आणि तिथे डबे लावलेली गाडी बहुतेक वेळा हार मानते.

चार-पाच डब्यांना एक मोटर कमी पडली तर दुसरी इंजिनाच्या मागच्या टोकाला लावा. दोन्हींची तोंडं विरुद्ध दिशेला असतील तर त्या एकमेकींशी भांडतील, तेव्हा रिमोटवर एका बाजूला प्लस आणि दुसऱ्या बाजूला मायनस दाबा, किंवा ॲपमध्ये एका पोर्टची दिशा उलटी करून टाका. गाडी महिनाभर कपाटात ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा.