पीट पेलेटमधील रोपांना पाणी देताना या चुका टाळा

पीट पेलेटमध्ये टाकलेले बी उगवले नाही किंवा उगवलेले रोप दोन-चार दिवसांत आडवे पडले, की बहुतेक जण पहिला दोष बियाण्याला देतात. त्यांचा ट्रे समोर घेऊन त्यातली एक पेलेट बोटांत धरून हलकेच दाबली, तर बहुतेक वेळा पाण्याची धार लागते आणि कारण तिथेच सापडते. कधी नेमके उलटे असते: पेलेट वरून ओली दिसते, पण उचलली तर हाताला काहीच वजन लागत नाही. या दोन टोकांमध्येच बहुतेक रोपे मरतात. सातारा-सांगलीत टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, झेंडू यांची रोपे घरी तयार करणारे लोक वाढत असताना त्याच त्या चुका दरवर्षी पाहाव्या लागतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पेलेट म्हणजे वाळवून दाबलेल्या पीटची जाळीत गुंडाळलेली चकती. थंड देशांतल्या दलदलीत साचलेल्या स्फॅग्नम शेवाळापासून हे पीट बनते. भिजल्यावर चकती कित्येक पट उंच होते आणि स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी अधिक पाणी धरून ठेवते. पाणी धरण्याचा हा गुण सगळ्यांना माहीत असतो, परंतु बियाला आणि कोवळ्या मुळीला पाण्याइतकीच हवाही लागते, हे विसरले जाते. शेतात वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, आल्याशिवाय आपण पेरणीला हात घालत नाही. मग दोन बोटे उंचीच्या पेलेटमध्ये मात्र चिखल चालेल, असे का मानावे? पेलेटलाही वाफसाच हवा असतो आणि पाणी देण्याचे सारे कौशल्य तो टिकवण्यातच आहे.

ट्रेमध्ये पाणी साचवून ठेवणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती आळसातून होते आणि तिचे समर्थन मात्र ‘रोपाला हवे तेवढे ते पिऊन घेईल’ अशा शब्दांत केले जाते. रोप हवे तेवढेच पीत असेलही, पण पीट तसे करत नाही. खाली पाणी असेपर्यंत पीट ते वर ओढत राहते, त्यातली हवेची जागा पाण्याने भरते आणि बी गुदमरते.

तासगाव तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने पॉलिहाऊससाठी रंगीत ढोबळी मिरचीची रोपे पेलेटमध्ये तयार करायला घेतली होती. या मिरचीच्या एकेका बियाला काही रुपये मोजावे लागतात, त्यामुळे त्याने पेरणी अतिशय काळजीपूर्वक केली होती. निम्मी रोपे वर आली असतानाच घरात लग्नकार्य निघाले. दोन दिवस पाणी द्यायला कोणी नसेल, म्हणून त्याने छिद्रे नसलेल्या पसरट ट्रेमध्ये पेलेटच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरले, वर प्लॅस्टिकचा कागद झाकला आणि तो गावाला गेला. परत आला तेव्हा पेलेटच्या माथ्यावर हिरवे शेवाळ आले होते, उगवलेली रोपे बुडख्याशी दोऱ्यासारखी बारीक होऊन कोलमडली होती आणि न उगवलेले बी बोटाने दाबताच फुटत होते. त्याने घाईने दुकानातून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणून पाण्यात मिसळले आणि सगळ्या ट्रेवर ओतले. दुसऱ्या दिवशी आणखी रोपे पडली, तेव्हा त्याने मला बोलावले.

यात दोन गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत. रोपे कोलमडण्याच्या रोगात पिथियम, फायटोप्थोरा आणि रायझोक्टोनिया हे नेहमीचे कारक असतात. त्यांपैकी पहिल्या दोघांचे बीजाणू पाण्यात पोहत एका रोपाकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणजे साचलेले पाणी हाच त्यांचा रस्ता असतो. दुसरे असे, की हे दोघे खऱ्या अर्थाने बुरशी नाहीत, त्यामुळे कार्बेन्डाझिमचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी मेटॅलॅक्झिलसारखी वेगळ्या गटातली औषधे असतात आणि तीही कृषी अधिकाऱ्याला विचारूनच वापरावीत. त्या शेतकऱ्याने औषध म्हणून जे ओतले, त्यातून रोपांना प्रत्यक्षात मिळाले ते आणखी पाणीच.

आम्ही आधी ट्रेमधले पाणी ओतून टाकले, झाकलेला कागद काढला, पडलेली रोपे पेलेटसकट उचलून दूर टाकली आणि उरलेल्या पेलेट तारेच्या जाळीवर थोड्या थोड्या अंतराने मांडल्या. खालून आणि बाजूने हवा खेळू लागल्यावर पेलेटच्या माथ्याचा रंग उतरू लागला आणि त्यानंतर नवीन रोपे पडली नाहीत. जी गेली ती मात्र परत आली नाहीत, कारण बुडखा एकदा बारीक झालेले रोप कोणत्याही औषधाने उभे राहत नाही. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगकारक बुरशींना रोखणारी उपयोगी बुरशी, वापरायचा असेल, तर तो पेरणीच्या वेळीच वापरावा.

खालून पाणी देण्याला माझा विरोध नाही, उलट मी स्वतः बहुतेक वेळा खालूनच देतो. ट्रेमध्ये बोटभर पाणी घालावे, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि उरलेले पाणी न चुकता ओतून टाकावे. ज्याला ओतून टाकायचा कंटाळा येतो, त्याने खालून पाणी देऊ नये. दोन दिवस बाहेर जायचे असेल, तर शेजाऱ्याला सांगून जावे. ती सोय नसेल, तर ट्रे सावलीत ठेवून, पेलेट नीट भिजवून आणि निथळून जावे. एक दिवस थोडी तहान सोसलेले रोप वाचते, दोन दिवस बुडालेले वाचत नाही.

वाळलेल्या पेलेटला वरून पाणी देणे

ही चूक जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि माण-खटाव या भागांत, विशेषतः मार्च ते मे या महिन्यांत अधिक दिसते. पीट एकदा पूर्ण वाळले, की ते पाणी झिडकारते. पेलेट आक्रसते आणि वरून ओतलेले पाणी तिच्या कडेने घसरत ट्रेमध्ये उतरते. ट्रे ओला दिसतो, माणसाचे समाधान होते आणि रोप मात्र तहानलेलेच राहते. संध्याकाळी ते माना टाकते, तेव्हा ‘सकाळीच तर पाणी दिले होते’ असे ऐकू येते आणि सांगणारा खरेच बोलत असतो.

अशी पेलेट झारीने भिजत नाही. ती कोमट पाण्यात अर्ध्या उंचीपर्यंत बुडवून ठेवावी आणि उचलल्यावर पूर्वीसारखी जड लागेपर्यंत वाट पाहावी. त्याला अर्धा तास लागू शकतो. सुरुवातीला कोरडी चकती फुगवतानाही हाच धीर हवा. वरचा भाग फुगला म्हणून लगेच बी टोचणारे लोक मी नेहमी पाहतो. आतला गाभा तेव्हा कोरडाच असतो, तो नंतर बियाजवळचे पाणी ओढून घेतो आणि उगवण मागेपुढे होते. पूर्ण फुगलेली चकती हलक्या हाताने दाबून जास्तीचे पाणी काढावे आणि मगच पेरणी करावी.

घड्याळ पाहून पाणी देणे

मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ ‘दिवसातून दोनदा फवारा’ असे सांगतो आणि लोक तसे करतात. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास. एप्रिलमध्ये माणमधल्या म्हसवडला दोनदा पाणी लागेल, जुलैत सह्याद्रीकडच्या पाटणला दोन दिवस मुळीच लागणार नाही. मग एकच वेळापत्रक दोन्हीकडे कसे चालावे?

मी रंग आणि वजन या दोनच गोष्टी पाहतो. भिजलेले पीट काळपट तपकिरी दिसते आणि सुकू लागले, की माथ्यावर फिकट तपकिरी होते. माथा फिकट झाला आहे पण पेलेट अजून थोडी जड आहे, ती पाणी देण्याची वेळ होय. रोज सकाळी मी ट्रेच्या कोपऱ्यातली एक आणि मधली एक पेलेट उचलून पाहतो, कारण कडेच्या पेलेट वाऱ्याने आधी सुकतात आणि मधल्या उशिरापर्यंत ओल्या राहतात. त्यामुळे अनेकदा फक्त कडेच्या ओळींना पाणी द्यावे लागते. हे काम वेळखाऊ आहे, परंतु महागडे बी लावून वरून टायमरचे फवारे बसवणाऱ्यांपेक्षा रोज हात लावून पाहणाऱ्यांची रोपे सरस असतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

पाणी सकाळीच द्यावे. रात्रभर ओली राहिलेली पाने आणि बुडखे रोगाला आमंत्रण देतात.

पाण्याची जात न पाहणे

उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातले पहिले पाणी कोवळ्या रोपाला भाजण्याइतके गरम असते. ते आधी बाजूला सोडून द्यावे.

क्षारांचा प्रश्न याहून चिवट आहे. पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांतले बोअरचे पाणी आणि कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी खारे असते. असे पाणी नेहमी खालूनच दिले, तर ते वर चढते, हवेत उडून जाते आणि क्षार माथ्यावर राहतात. पेलेटवर पांढरी पापडी दिसू लागली आणि पानांच्या कडा करपू लागल्या, की कारण तेच समजावे. अशा वेळी साठवलेले पावसाचे किंवा गोडे पाणी झारीने वरून देऊन पेलेट धुऊन काढावी आणि खाली आलेले पाणी फेकून द्यावे. झारीचे तोंड वरच्या बाजूला वळवावे, म्हणजे थेंब हळू पडतात आणि बी उघडे पडत नाही.

उतावळेपणाच्या काही चुका

टोमॅटो आठवड्याभरात उगवतो, मिरची आणि ढोबळी मिरची दोन आठवडेही घेऊ शकतात. चौथ्या दिवशी बी उकरून पाहणाऱ्याने आपल्या हातानेच ते मारलेले असते.

पहिला कोंब दिसताच झाकण काढावे आणि ट्रे उजेडात आणावा, नाहीतर रोपे किडकिडीत आणि लांबट होतात.

एका पेलेटमध्ये दोन रोपे आली, तर एक उपटू नये, कात्रीने कापावे.

उगवताना आलेल्या पहिल्या दोन पानांनंतर खऱ्या पानांची जोडी येईपर्यंत खत देऊ नये. त्यानंतर १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक लिटर पाण्याला १ ग्रॅम पुरते, याहून अधिक देणाऱ्यांना रोप लवकर लावायची घाई असते आणि त्यांचीच रोपे लावणीनंतर मान टाकतात.

टोमॅटोचे रोप २१ ते २५ दिवसांत आणि मिरचीचे ३५ ते ४० दिवसांत लावणीला आणावे. उशीर केला, तर मुळ्या जाळीतून शेजारच्या पेलेटमध्ये शिरतात आणि सोडवताना तुटतात. लावणीआधीच्या आठवड्यात पाणी थोडे कमी करून रोपे हळूहळू उन्हाला सरावू द्यावीत.

लावणीच्या दिवशी पाणी चुकवणे

इतके सारे नीट करून शेवटी रोप शेतात गमावणारे लोक पाहिले, की फार वाईट वाटते. पेलेटची जाळी लवकर कुजत नाही, म्हणून मी ती ब्लेडने उभी चिरून काढतो. पेलेट मातीत पूर्ण गाडली गेली पाहिजे. तिची कड वर राहिली, तर ती वाऱ्यात सुकते आणि खालचे पाणीही वर ओढून उडवते. काळ्या जमिनीत आणखी एक अडचण येते. बारीक कणांची ही माती पाणी घट्ट धरते आणि भरड पीटमधला ओलावाही आपल्याकडे खेचते, त्यामुळे सभोवतालची जमीन ओली असूनही पेलेट आतून कोरडी पडते. ठिबकची नळी रोपापासून हातभर दूर असेल, तर पहिले काही दिवस तिच्यावर विसंबून राहू नये. लावणीआधी पेलेट पाण्यात बुडवून जड करून घ्यावी, लावल्यावर माती बाजूने दाबून मुळ्यांशी भिडवावी आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी तांब्याभर पाणी हाताने घालावे. रोपाने नवी पालवी धरेपर्यंत, जिथे ड्रिपरचे पाणी पेलेटपर्यंत पोहोचत नाही तिथे हेच करत राहावे.